चौकोनी भोंग्याचं गणित

मज्जागणित प्रयोगशाळेतल्या पावणेदोन कोटींच्या यंत्राला जोडलेल्या पडद्यावर एक निलंबित तलाठी सदरा काढत होता, आणि नागपुरातले दोन बऱ्यापैकी शहाणे शास्त्रज्ञ ते दृश्य चौथ्यांदा पाहत होते.

“थांबव,” डॉ. कुमुदिनी वैरागडे म्हणाली. “आता मोज. लोणचं, पंक्चर, मावशी, बोकड, इस्त्री, अर्धा, पावती, आणि मग पुन्हा लोणचं. मध्ये किती गेले?”

“सहा,” डॉ. सलील रामटेके म्हणाला. “पण मॅडम, यासाठी यंत्र कशाला लागतं? माझा पुतण्यासुद्धा मोजेल.”

“पुतण्याला वयाची अट आहे. मालिका प्रौढांसाठी आहे.”

‘परमिट रूम, मागचं दार’ ही ती व्यंगचित्रमालिका. निलंबित तलाठी, माजी पैलवान, दोनदा विधवा झालेली नर्स आणि एक दारुडा कावळा रोज टेबलाभोवती बसत आणि ‘चौकोनी भोंगा’ नावाचा खेळ खेळत. ठरलेल्या नऊ शब्दांपैकी कुठलाही एक शब्द आळीपाळीने ओरडायचा. मध्येच कोणीतरी “आटोपलं!” म्हणे. मग हरलेला अंगावरचा एक कपडा काढी आणि कलेक्टरला माफीचा अर्ज लिही. तो का हरला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कावळ्याकडे काढायला काही नसल्यामुळे तो फक्त अर्ज लिही.

सामान्य माणूस यावर हसतो आणि झोपायला जातो. गणितवाल्यांचं तसं नसतं. या खेळाचे नियम शोधण्यासाठी ‘भोंगेकरी’ नावाचं मंडळ निघालं होतं. त्याची दरवर्षी परिषद भरे आणि तिथं ‘पंक्चरनंतर मावशी: एक पुनर्विचार’ असले निबंध कोणीही न हसता वाचले जात. संख्याशास्त्राची प्राध्यापक कुमुदिनी आणि मेंदूचा डॉक्टर रामटेके यांची ओळख अशाच एका परिषदेत, जेवणाच्या रांगेत झाली होती.

“मला नियम सापडला,” कुमुदिनी आता म्हणाली. “म्हणजे, नियम नाही हे सापडलं. माणसाला सांग, मनात येईल तो शब्द बोल, बंधन काही नाही. तो काय करतो?”

“नुकताच बोललेला शब्द टाळतो.”

“का?”

“लाज वाटते. तेच तेच बोलतोय असं दिसेल म्हणून.”

“बरोबर. फाशाला लाज नसते. एकदा सहा पडल्यावर पुन्हा सहा पडायला त्याला काही वाटत नाही, कारण त्याला आठवतच नाही. माणसाला टाळायचं तर आधी आठवावं लागतं. मग मागचे किती शब्द टाळले जातात हे मोजलं, की शब्द रचणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी किती मागचं उभं असतं ते कळतं. मी त्याला स्मृतिखोली म्हणते. एका भागातून नाही कळत. पण एका पर्वात वीस भाग, चार हजार शब्द. त्यातून दशांशापर्यंत कळतं.”

रामटेके खुर्चीत सरळ झाला. “म्हणजे नऊ वर्षं आपण खेळाचे नियम शोधत होतो...”

“आणि तिथं नुसता एक माणूस होता. दिवाकर खापरे.”

खापरे म्हणजे मालिकेचा लेखक. प्रत्येक भागाच्या शेवटी ‘कथा, संवाद आणि भोंगा: दिवाकर खापरे’ अशी पाटी येई, आणि भोंगेकरी त्या पाटीला उभं राहून टाळ्या वाजवत. आपल्या दैवताचं डोकं आतून पाहायला मिळणार या आनंदात कुमुदिनीने आलेख पडद्यावर आणला. दुसऱ्या पर्वापासून सातव्यापर्यंत रेषा सहा पूर्णांक आठवर सपाट होती. आठव्या पर्वाला सहा पूर्णांक एक. नवव्याला पाच पूर्णांक तीन.

“पहिलं पर्व?”

“ते वगळलंय. एक पूर्णांक दोन येतं. सुरुवातीचा गोंधळ असणार, दुसरं काय.”

रामटेकेने आलेखाकडे इतका वेळ पाहिलं, की कुमुदिनीला वाटलं त्याला दशांशचिन्हाची चूक सापडली.

“मॅडम, हा आलेख मी आठवड्यातून तीनदा बघतो,” तो म्हणाला. “फक्त खाली पेशंटचं नाव असतं.”

स्मृतिक्षयावर तोपर्यंत एक औषध निघालं होतं. त्याला ‘स्थिरक’ म्हणत. ते गेलेलं परत आणत नसे. माणूस जिथं असेल तिथं त्याला थांबवत असे. पण थांबवायला काही शिल्लक लागतं. रामटेकेने कुमुदिनीच्या मापात हिशेब बसवून पाहिला, तर हद्द तीनवर येत होती. तीनच्या वर असताना सुई दिली तर माणूस पुढची वीस वर्षं तिथंच राहतो. खाली गेला तर सुई पाण्यासारखी.

“उद्याच जाऊन सांगू,” रामटेके म्हणाला.

“दोन बिंदूंवर?” कुमुदिनी म्हणाली. “दोन बिंदूंतून रेषा जातेच. जिवंत माणसाला जाऊन सांगायचं, की तुमचा मेंदू चाललाय, आणि पुरावा काय, तर इस्त्री आणि बोकड? आणखी एक पर्व बघू. पाच पूर्णांक तीन आहे, घाई नाही.”

हे शास्त्राला धरून होतं, त्यामुळे रामटेकेने मान्य केलं. बातमी फुटली तर खापऱ्यांच्या पोटावर पाय येईल, म्हणून दोघांनी परिषदेला नुसत्या पद्धतीचा निबंध पाठवायचा आणि घसरता आकडा कोणालाही सांगायचा नाही असं ठरवलं. अगदी घरीसुद्धा.

कुमुदिनीच्या घरी म्हणजे तिचा नवरा श्रीरंग. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता. मालिकेला तो ‘तुझा तो वात्रटपणा’ म्हणे, आणि ती लागली की वर्तमानपत्र उघडून बसे. कुमुदिनी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली तरी पान खाली येत नसे.

“काय म्हणतो तुझा भोंगा?” त्याने त्या संध्याकाळी ताट वाढताना विचारलं.

“चाललंय.”

“चेहरा तर पडलाय.”

“एका माणसाची काळजी वाटते रे. तू नाही ओळखत.”

“मग आपण कशाला काळजी करायची?” म्हणत त्याने तिला वरण वाढलं. दोनदा वाढलं; तिने पहिल्या वेळीच पुरे म्हटलं होतं.

दहाव्या पर्वाला चार पूर्णांक पाच आलं.

“आता?” रामटेकेने विचारलं.

“लेखक बदलला असेल, धोरण बदललं असेल, लहान मुलांसाठी सोपं केलं असेल...”

“यात पैलवान चड्डीवर आलाय, मॅडम. लहान मुलं कुठली?”

“मला नव्याण्णव टक्के खात्री हवी, सलील. सध्या फक्त त्र्याण्णव टक्के आहे.”

सहा टक्क्यांसाठी ते आणखी एक वर्ष थांबले. अकराव्या पर्वाला तीन पूर्णांक सहा आलं, खात्री नव्याण्णवच्या पुढे गेली, आणि कुमुदिनीने पहिल्यांदाच स्वतःचं गणित बरोबर आल्याबद्दल स्वतःला शिवी दिली. दुसऱ्याच दिवशी दोघं अमरावतीला गेले.

खापरे साठीचा, गोल, गुळगुळीत डोक्याचा निघाला. रामटेकेने जमेल तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. खापऱ्याने शांतपणे ऐकलं, वर विचारलं, “कपडे काढावे लागतील का?” आणि चाचणीला बसला. दीड तास तो मनाला येतील ते शब्द बोलत राहिला. सोबत नेलेल्या छोट्या यंत्राने आकडा दाखवला: सहा पूर्णांक चार. वयाच्या मानाने उत्तम.

कुमुदिनीला रडू आलं. आनंदाचं. “माझं गणित चुकलं,” ती म्हणाली, “आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.”

“चुकलं कसं म्हणता?” खापरे जरा घुटमळला. त्याने रामटेकेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मॅडम, तुम्ही नाव सांगितलं तेव्हाच मला वाटलं होतं, की साहेबांनी पाठवलं. तुम्ही वैरागडे साहेबांच्या मिसेस ना?”

“कोणते वैरागडे साहेब?”

“श्रीरंग वैरागडे. इरिगेशनचे.” खापऱ्याने टकलावरून हात फिरवला. “भोंगा मी नाही लिहीत हो. पहिलं पर्व माझं. ते मी पिऊन लिहिलं. आधीचा शब्द कोणता होता हे दुसऱ्या शब्दाला आठवायचं नाही, अशी अवस्था. मग दारू सुटली आणि खेळही सुटला. मालिका बंद करायला निघालो होतो, तेवढ्यात साहेबांची मेल आली. सोबत वीस खेळ लिहिलेले. तेव्हापासून दर रविवारी एक. पैसे देतो म्हटलं, घेतले नाहीत. नाव देतो म्हटलं, तर म्हणाले...” तो थांबला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘नाव घालू नका. बायकोला कळलं तर ती चुका काढायला लागेल.’”

कुमुदिनीने विचारलं, “सगळ्यात नवे खेळ कुठं आहेत? न दाखवलेले?”

बाराव्या पर्वाचे अठरा खेळ आले होते. तिने पेन्सिल मागितली. दोन तास ती खुणा करत राहिली. मोजायची तिला खरं तर गरज नव्हती. गेल्या महिन्यात श्रीरंगने सलग चार दिवस बाजारातून वांगी आणली होती, आणि तिने मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं होतं, की याला या वयात वांगी आवडायला लागली.

“किती?” रामटेकेने विचारलं.

“दोन पूर्णांक चार.”

“दहाव्या पर्वाला...” तो बोलायला लागला आणि गप्प झाला. पण वाक्य तिने मनात पुरं केलंच. चार पूर्णांक पाच. वीस वर्षं.

घरी रामटेकेने श्रीरंगची रीतसर चाचणी घेतली. दोन पूर्णांक तीन. सुईही दिली. दिल्याशिवाय राहवलं नाही म्हणून.

“तुला आता सगळं कळलंय तर,” श्रीरंग ओशाळून म्हणाला. तेव्हा त्याला अजून बरंच आठवत होतं. “पहिलं पर्व संपल्यावर तू म्हणाली होतीस, आता यात दम राहिला नाही, पुढचं बघणार नाही. तेव्हा तुझी आई जाऊन दोन महिने झाले होते. आठवड्यातून तेवढा अर्धा तास तू हसायचीस. म्हटलं, शब्द तर नऊच आहेत. सकाळी फिरायला गेलं की बाकावर बसून करायचो.”

“आणि मी हसायचे तेव्हा पेपर तोंडासमोर धरून बसायचास.”

“मलाही हसू यायचं ना.” मग म्हणाला, “तू नियम शोधतेस हे कळल्यावर फार जपून लिहायला लागलो. तोच शब्द लगेच येऊ नये, कशाचा कशाला मेळ लागू नये. तुला नियम सापडला असता तर सगळं संपलं असतं. अलीकडे जमत नाही तेवढं. तुझ्या लक्षात आलं होतं का?”

“नाही,” कुमुदिनी म्हणाली. आयुष्यभर आकड्यांशी इमान राखलेली बाई सरळ खोटं बोलली.

त्या वर्षीच्या परिषदेत तिने स्मृतिखोलीचा निबंध मागे घेतला. लेखक ठणठणीत असल्याचं वैद्यकीय चाचणीत सिद्ध झाल्यामुळे आपली पद्धत मुळातच चुकीची ठरते, असं तिने व्यासपीठावरून सांगितलं. खेळाला नियम असू शकतो म्हणून भोंगेकऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कोल्हापूरच्या एका तरुणाने तिची पद्धत कुठं चुकली यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेला रामटेके मध्येच उठून बाहेर गेला.

खापऱ्याला तिने एकच विनंती केली होती. रविवारी जे येईल ते तसंच्या तसं दाखवायचं. यंत्रावर सहा पूर्णांक आठचे खेळ हवे तेवढे पाडून देता आले असते. तिला पाच मिनिटं लागली असती. तिने ते केलं नाही. खापऱ्यानेही मागितले नाहीत.

मेल काही महिने आल्या. मग श्रीरंगला मेल कशी पाठवायची ते आठवेना, तेव्हा तो शब्द सांगे आणि ती लिहून घेई. मग तो सांगेनासा झाला.

तेरावं पर्व लागलं. त्यातल्या पहिल्या खेळात तलाठी ओरडला, “बोकड!” पैलवान म्हणाला, “बोकड!” नर्स बराच वेळ विचार करून म्हणाली, “बोकड.” तिघं कावळ्याकडे पाहू लागले. कावळ्याने पेला खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, “बोकड.” महाराष्ट्रभर माणसं हसून लोळली. समीक्षकांनी लिहिलं, की खापऱ्यांना इतक्या वर्षांनी साधेपणाची ताकद गवसली आहे. भोंगेकऱ्यांनी या भागाला आजवरचा सर्वोत्तम ठरवलं आणि त्यामागे मुद्दाम योजलेली रचना आहे असं दोन निबंधांत सिद्ध केलं.

श्रीरंग सोफ्यावर कुमुदिनीशेजारी बसून पाहत होता. समोर वर्तमानपत्र नव्हतं. प्रत्येक बोकडाला तो आधीच्यापेक्षा जोरात हसत होता, कारण प्रत्येक बोकड त्याला नवा होता. हसता हसता त्याला ठसका लागला. तिने पाणी दिलं.

“भन्नाट आहे हे,” डोळे पुसत तो म्हणाला. “कोण लिहितं हो, बाई?”

“वैरागडे म्हणून आहेत एक,” कुमुदिनी म्हणाली.

“वैरागडे?” त्याने मान डोलावली. त्याला मनापासून बरं वाटलेलं दिसलं. “अरे वा. मग आमच्यातलाच निघाला की.”