चोथा

कापणीनंतर वाया जाणारा मक्याचा धांडा आणि गव्हाचा पेंढा बारीक करायचा, शेणाच्या पाण्यात भिजवायचा आणि अंगणामागच्या टाकीत सोडायचा. आत तो कुजून गॅस होई, वरचा रबरी घुमट फुगे आणि शेजारच्या बेकरीची भट्टी पेटे. बेकरीवाला गॅसचे पैसे देई, हे घर त्यावरच चालत होतं. सासूबाई होत्या तोवर टाकी त्यांच्याकडे होती आणि तिच्याकडे कुणाला वळूनही बघावं लागलं नाही.

त्या गेल्या आणि टाकी रुसली.

थोरल्या सुनेच्या नाकी नऊ आले. ओतलेलं सगळं उलटून तिच्याच पायांवर येई. तिनं पेंढा आणखी बारीक केला, पाणी कोमट केलं, बांबूनं ढवळून ढवळून हात भरून आले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"वहिनी, हिला डॉक्टरला दाखवा," दीर म्हणाला.

"भावजी, दात काढू नका. पाइप काढून बघा."

"बघितला की. वाट मोकळी आहे. हिलाच खायचं नाही."

बेकरीवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला. "ताई, उद्या भट्टी तुमच्या गॅसवर पेटली तर ठीक. नाहीतर मी आपली लाकडं आणतो. तुम्ही खुशाल टाकी बुजवा."

तो गेल्यावर तिनं बादली आपटली. असाच हट्ट सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात धरला होता. तोंड मिटून भिंतीकडे वळायच्या. दात उरले नव्हते. संत्र्याची फोडसुद्धा चघळून रस तेवढा गिळायच्या, चोथ्याची गोळी अंगठ्यानं दाबायच्या आणि ताटाच्या कडेला ओळीनं लावायच्या. ती ओळ पाहून थोरलीला शिसारी यायची. तरी उशाशी बसून ती विनवायची, "घ्या हो. माझ्या वाटचा घास तरी घ्या." तेवढ्यावर त्या तोंड उघडायच्या.

आता संतापात तिच्या तोंडून तेच निघालं. बादली कलंडवत ती ओरडली, "घ्या एकदाचा! माझ्या वाटचा घ्या!"

आत घोट गिळल्यासारखा आवाज झाला. सगळा लगदा खाली गेला.

तिनं दुसरी बादली आणली. या वेळी हळू म्हटलं. तीही गेली.

सकाळी घुमट टम्म फुगला होता. दीर नाचायचाच बाकी राहिला. भट्टी पेटली, आणि बेकरीवाल्यानं पहिला ऊन ऊन पाव घरी पाठवला.

थोरली मागं गेली. पेंढा कुजून बाहेर पडायला कितीतरी आठवडे लागतात. तरी टाकीच्या दुसऱ्या तोंडाशी, काठावर, पेंढ्याच्या गोळ्या होत्या.

ओळीनं.

प्रत्येकीवर अंगठ्याचा ठसा.

तिनं त्या खराट्यानं लोटून दिल्या.

दुपारी दोघं दूध-पाव खायला बसली.

"वहिनी, सावकाश," दीर हसला. "पाव आहे तो. एवढं काय चघळताय?"

मग त्याचं हसू विरलं.

"आणि हे काय ठेवताय कडेला?"

थोरलीनं खाली पाहिलं. वाटीतलं दूध तसंच होतं. पावाला हातही लागलेला नव्हता.

तिचा अंगठा ओला होता.

तोंडात पेंढ्याची अजून एक गोळी होती.