भिंतीलगतचा बाक

मनोरुग्णालयांसाठी बागा आखणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काटेरी झाड नको, विषारी नको, वाट कुठेही भिंतीला जाऊन अडायला नको. माणूस चालू लागला की फिरून आपसूक निघाल्या जागी यायला हवा. बायकांच्या वॉर्डामागच्या अंगणात तिने पुदिना लावला, हाताला मऊ लागणारी झुडपं लावली, आणि भिंतीलगत, कोवळं ऊन पडतं तिथे, एक लाकडी बाक ठेवला. सगळ्या बागेत तीच जागा तिच्या मनात भरली होती.

त्या बाकावर कोणी बसेना.

बाकीचे बाक खच्चून भरायचे. बायका कट्ट्यावर टेकायच्या, गवतात फतकल मारायच्या, पण तिकडे फिरकायच्या नाहीत. जावंच लागलं तर अंग चोरून जायच्या. लाकूड टोचतं की काय म्हणून तिने हात फिरवून पाहिला. गुळगुळीत होतं.

एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका भिंतीला टेकून उभी दिसली. वॉर्डात सगळे तिला बाईच म्हणत.

"बाई, पाय भरून येतील. बसा ना त्या बाकावर."

"जागा कुठाय?"

"अहो, अख्खा बाक रिकामा आहे!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. डॉक्टर रुग्णांकडे बघतात ना, तशी. सांभाळून घेणारी.

"बरं," बाई हळूच म्हणाल्या. "रिकामा तर रिकामा."

आता मात्र तिला राहवेना. ती तरातरा गेली आणि बाकाच्या मधोमध बसली.

अंगणातली कुजबुज कापल्यासारखी थांबली. एकीने तोंडावर हात दाबला.

लाकूड कोमट होतं. उन्हाने तापलेलं नव्हे. कोणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची असते, तसं. मग तिच्या डाव्या खांद्यावर भार पडला. डुलकी लागलेल्या माणसाचं डोकं कलंडतं, तेवढाच.

तिने बाकाची कड घट्ट धरली.

बाई लगबगीने जवळ आल्या, आणि तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाल्या, "रागावू नका हं. नवीन आहेत त्या."

दुसऱ्या दिवशी पाऊल उचलत नव्हतं, तरी ती आली. आणि दारातच थबकली. त्या बाकावर बायका दाटीवाटीने बसून खिदळत होत्या.

"या, या!" बाई सरकल्या. "आता मोकळं झालंय."

"आणि... आधी बसायच्या त्या?"

"असं काय करता? काल तुमच्याबरोबरच गेल्या की!"

तशीच ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर पोटभर हसले.

"वाण नाही पण गुण लागला म्हणायचा तुम्हाला! घरी जा, स्वस्थ पडा."

त्या हसण्याने तिला जरा धीर आला. डॉक्टर फाटकापर्यंत सोडायला आले, फाटक उघडून धरलं. ती बाहेर पडली आणि वळून "येते" म्हणाली.

त्यांचं लक्ष नव्हतं. ते फाटक धरूनच उभे होते. मग जरासे मागे सरले, अदबीने, कोणाला तरी वाट करून दिल्यासारखे. आणि मगच त्यांनी फाटक लावलं.

"कोणासाठी थांबलात?" तिने गजांतून विचारलं.

"कोण? मी?" डॉक्टर म्हणाले, आणि फाटकावरच्या स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.