डाव्या बाजूचा स्पीकर

"जरा एक मदत कराल? डाव्या बाजूला काय वाजतंय, तेवढं सांगा."

तिने वळून पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे प्रश्न तिलाच होता. विचारणारा उंच, किंचित वाकून उभा, हातातले हेडफोन तिच्यापुढे धरलेले. चेहरा इतका गंभीर, की तिला हसूच फुटलं.

"का, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही ना," तो सहज म्हणाला. "लहानपणी ताप आला होता. तेव्हापासून डावा कान संपावर आहे."

तिने जीभ चावली. "सॉरी, मी—"

"अहो, चूक कानाची, तुमची नाही! दोन्हीकडे आवाज सारखा येतोय का, एवढंच सांगा. कार्ट्रिजची, म्हणजे या सुईच्या डबीची, एक बाजू मुकी निघाली, तर मला जन्मात कळायचं नाही."

तिने हेडफोन लावले. समोरच्या टर्नटेबलवर रेकॉर्ड फिरत होती. "सारखा आहे. डावीकडे व्हायोलिन... आणि कुणीतरी श्वास घेतंय."

"श्वास?"

"गाणारी. सूर लावायच्या आधी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग एकदम भानावर येऊन गल्ल्यामागच्या काकांना म्हणाला, "हीच द्या."

ती आली होती बाबांसाठी. निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसभर रेकॉर्ड लावायचे, आणि झिजलेल्या सुईमुळे सगळे गायक सर्दी झाल्यासारखे गायचे. तिने काकांकडे सगळ्यात भारी कार्ट्रिज मागितली, तशी हा मध्ये पडला.

"तुमच्या प्लेअरचा आर्म कसा आहे? जड की हलका?"

"आर्म म्हणजे तो दांडा ना? हलका असावा. बाबा त्याला फडक्याने झटकतात."

त्याने दाढ ठणकल्यासारखे डोळे मिटले. "मग भारी नको. तिचं तिथे काही चालणार नाही. मधली घ्या. आणि बाकीचं हळूहळू करा. एकदम सगळं बदललं, तर कशाने काय सुधारलं तेच कळत नाही. आधी सुई. ती कानात मुरली, की अॅम्प्लिफायर. स्पीकर सगळ्यात शेवटी."

"लग्नाचं बोलणं पुढे ढकलणारी मुलं असंच बोलतात."

तो चक्क लाजला. सावरायला म्हणून तो कार्ट्रिज बसवायची कशी ते समजावू लागला... चार तारा असतात, केसासारख्या, हात थरथरला की तुटतात, सुईला तर—

"मी दातांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "दिवसभर लोकांच्या तोंडात सुया घालते. आणि माझे पेशंट हलतात."

तो मोकळेपणी हसला. "मग माझीही तुम्हीच बसवून द्या."

सुट्टीच्या दिवशी ती खरंच गेली, चिमटा घेऊन. तो शाळेत भूगोल शिकवायचा. खोलीत जिकडेतिकडे नकाशांच्या गुंडाळ्या, आणि खिडकीजवळ एकुलता एक स्पीकर. दोन्ही बाजूंचं गाणं तो त्या एकातच एकत्र करून ऐकायचा. ती तारा जोडत असताना तो टॉर्च धरून उभा होता. टॉर्चच जास्त थरथरत होता.

"सर, उजेड तारेवर पाडा. माझ्या चेहऱ्यावर नको."

"हो... हो."

मग तिच्या घरची कार्ट्रिज बसवायला तो टॉर्च घेऊन आला. गायकांची सर्दी बरी झाली आणि बाबांना हक्काचा श्रोता मिळाला. कधी रेकॉर्ड धुवायला, कधी नुसताच, तो येत राहिला. परतताना ती त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायची, आणि न सांगता त्याच्या उजव्या बाजूने चालायची. अॅम्प्लिफायर कोणता घ्यायचा यावर दोघांचं लुटुपुटीचं भांडण व्हायचं. मिटू नये असंच दोघांना वाटायचं.

आणि मग तिची निवड झाल्याचं कळलं. दूरच्या शहरात, मोठ्या रुग्णालयात, दोन वर्षांचं प्रशिक्षण. अर्ज त्याची ओळख होण्याआधीच केलेला. कॉफी पिताना तिने त्याला सांगितलं.

"जा," तो लगेच म्हणाला. "अशी संधी सोडायची नसते."

त्याच्या हातातला चमचा तरी पडेल, असं तिला वाटलं होतं. "इतक्या पटकन?"

"मग... काय म्हणू?"

"काही नाही."

ती तणतणत घरी आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला जायचंय, की कुणीतरी अडवायला हवंय?"

तिला जायचंच होतं. पण तिच्या जाण्याने कुणाचं तरी अडावं, असंही वाटत होतं. हे बाबांना कसं सांगणार?

निघायच्या आधीच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "नवीन काहीतरी आणलंय. ऐकायला याल?"

"अॅम्प्लिफायर?"

"या तर."

खिडकीजवळ आता दोन स्पीकर होते. दोन्हींच्या बरोबर समोर, मधोमध, एक खुर्ची.

"स्पीकर सगळ्यात शेवटी ना?"

"क्रम बदलला."

"पण तुम्हाला याचा काय उपयोग?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "मला फरक कळणारच नाही. पण सुट्टीत तुम्ही याल... म्हणजे, आलात तर... तुम्ही अपुरं का ऐकायचं?"

तो खुर्चीच्या पाठीवर उगाच बोट फिरवत राहिला.

"त्या दिवशी पटकन 'जा' म्हणालो. जरा थांबलो असतो ना, तर 'नको' म्हणालो असतो."

ती खुर्चीत बसली. त्याने सुई टेकवली. सूर दोन्हीकडून आले आणि तिच्यासमोर, हवेत, मधोमध उभे राहिले. तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले, तेव्हा तो स्पीकरकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, जणू सगळं तिथेच ऐकू येत होतं.

"शिकून मी इथेच येणार आहे," ती म्हणाली. "दवाखाना इथेच काढणार आहे."

"मी कुठे काही विचारलं?"

"विचारायला हवं होतं."

"मग... विचारतो." त्याने घसा खाकरला. "माझ्याशी लग्न कराल?"

त्याचे कान लालबुंद झाले होते. लाल व्हायला दोन्ही चालतात तर, तिच्या मनात आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"हो," ती म्हणाली. "पण बाबांना तूच सांगायचं. आत्ता घरी आहेत. चल."

तो जागचा हलला नाही.

"काय झालं? ऐकू आलं ना?"

"आलं," तो म्हणाला. "पण पुन्हा म्हण."