कुठं उतरायचं?

लाईट गेले तर गेले, त्यात एवढं काय. तो मोबाईल आधी उलटा ठेव. तोंडावर उजेड मारून घ्यायचा आणि मग म्हणायचं, काका, आम्हाला भीती वाटत नाही. गोष्ट सांगा म्हणालात ना, मग नीट ऐका. ही इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, दिसेल तेवढंच मानायचा. भुताचं नाव काढलं की हसायचा.

गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. दुकान बंद करून, जेवण आटपून हा स्कूटर घेऊन निघाला. काम अगदी साधं, एक कापडी पिशवी वृद्धाश्रमात पोचवायची. पिशवीत त्याच्या वडिलांच्या दोन जुन्या वस्तू होत्या, कंडक्टरची टोपी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. ते निवृत्त झाले तेव्हापासून, वीसेक वर्षं तरी, दोन्ही माळ्यावर पडून. माझ्या मेहुणीनं स्वतः माळ्यावर चढून त्या काढल्या, पिशवीला घट्ट गाठ मारली, ह्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आज नेली नाहीत तर मी रिक्षा करून जाईन." कारण हा बाबा चार महिने नुसता उद्या-उद्या करत होता.

का करत होता ते सांगतो. सगळं त्यातच आहे.

साडूचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, शहरातल्या बसवर कंडक्टर होते. उतारवयात विसरायला लागले. गॅस चालू ठेवायचे, घरातून निघून जायचे, स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. शेवटी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथं दर रविवारी एक बाई आठवणींचा तास घ्यायच्या. जुनी इस्त्री, जुना रेडिओ असलं काहीबाही टेबलावर मांडायचं आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, तुमच्या वेळी कसं होतं ते सांगा म्हणायचं. बाकीचे बोलायचे. तात्या ढिम्म. मग एकदा कुणा डॉक्टरच्या भाषणासाठी तिथल्या खुर्च्या दोन रांगांत लावल्या, मध्ये वाट सोडून. तात्या दारातून आत आले, थबकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पुढे सरका, आत जागा आहे."

डॉक्टरचं भाषण राहिलं बाजूला. तात्या वाटेत उभे राहून एकेकाला विचारायला लागले, कुठं उतरायचं? एक आजी म्हणाल्या, शाळेजवळ. त्या तिथं मुलींना शिवण शिकवायच्या म्हणे. कुठल्या मुलीनं परकराला खिसा उलटा लावला इथपर्यंत सगळं अर्धा तास सांगत होत्या. एक आजोबा म्हणाले, छापखान्याशी. रात्रपाळी, शाईचे हात, खेकसणारा मालक, सगळं बाहेर आलं. बाई हुशार. त्यांनी खुर्च्या तशाच ठेवल्या, भिंतीला पितळी घंटा टांगली, तिला दोरी बांधली. तेव्हापासून आठवणींचा तास म्हणजे तात्यांची बस.

आणि आमचा साडू? तो दर रविवारी जायचा आणि दर रविवारी तोंड लालबुंद करून परत यायचा.

"कुठं उतरायचं?"

"तात्या, मी आहे. तुमचा मुलगा."

"असू दे. उतरायचं कुठं?"

झालं. पुढच्या रविवारी परत तेच. तात्यांना रोज पहाटे डुलक्या काढणारा दूधवाला आठवायचा, दारात लोंबकळणारा कॉलेजातला पोरगा आठवायचा. स्वतःचा मुलगा तेवढा नाही. साडूला दुसरं काही नको होतं रे. जायच्या आधी बापानं एकदा ओळखावं, बस.

बाईंनी त्याला समजावलं. म्हणाल्या, "दादा, त्यांना दुरुस्त करू नका. लहानपणी त्यांच्या बसमध्ये काय सांगत होता, तेच सांगा."

ह्याचं डोकं सटकलं, कारण नेमकं तिथंच दुखत होतं. लहानपणी सुट्टीत हा बापाच्या बसमधून हिंडायचा. पण तात्या शिस्तीचे. कामावर असताना नातं नाही. ह्याला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचं, हातात अर्धं तिकीट द्यायचं आणि सगळ्यांना विचारतात तसंच विचारायचं, कुठं उतरायचं? हा म्हणायचा, डेपो. म्हणजे पार शेवटपर्यंत. डेपोत बस रिकामी झाली की तात्या टोपी काढून ह्याच्या डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, चला, आता घरी. तिथून पुढं ते बाप.

"आता पन्नाशीत परत हाफ तिकीट होऊ का मी?" मला म्हणाला. "तेव्हाही पॅसेंजर, आत्ताही पॅसेंजर. मी नाही म्हणणार." मी म्हटलं, अरे, एका शब्दाचा प्रश्न आहे, जीभ झिजणार आहे का तुझी? तर माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. वैताग आणतो हा माणूस. बाईंनी वस्तू मागितल्या, तर त्याही द्यायला तयार नाही. म्हणे, त्या दिल्या की ते आणखीच कंडक्टर होतील.

तर तो गुरुवार. हा पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते. फोन स्कूटरच्या डिकीतच राहिला. वॉचमन म्हणाला, सिस्टर वर आहेत, हॉलमध्ये बसा, येतील खाली.

हॉलमध्ये दिवा नव्हता. बाहेरच्या पॅसेजमधल्या ट्यूबचा काय उजेड येईल तेवढाच. खुर्च्या दोन रांगांत, सगळ्या रिकाम्या. हा सवयीनं सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसला. पिशवी मांडीवर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सिस्टरचा पत्ता नाही. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होता. सिस्टरला, बायकोला, मलाही घातल्या असतील.

मग मागून आवाज आला.

टिक. टिक.

कंडक्टर उगाच चिमटा वाजवत येतात ना, तसा. ह्याला वाटलं, तात्या झोपेतून उठून खाली आले. मागं न बघताच वैतागून म्हणाला, "तात्या, रात्र झालीय. झोपा जाऊन."

टिक. टिक.

आणि मग ह्याच्या लक्षात आलं. चिमटा तर आपल्या मांडीवर आहे. पिशवीत. हातानं चाचपून पाहिला. होता.

"कुठं उतरायचं?"

सगळ्यात मागच्या खुर्चीपासून. तात्यांचाच आवाज. मग थोडा वेळ काही नाही... कुणीतरी उत्तर द्यावं एवढा वेळ. मग टिक. पुढची खुर्ची.

"कुठं?"

...टिक.

खुर्च्या रिकाम्या होत्या. बसताना ह्यानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आता मान वळेना. पिशवी घट्ट धरून ठेवली. आवाज एकेक खुर्ची पुढं येत होता. प्रश्न... गप्प... टिक. प्रश्न... गप्प... टिक.

मग खाकी कापडाचा वास आला. अगदी कानामागं.

"कुठं उतरायचं?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. मी तुमचा मुलगा. ते काही बाहेर पडलं नाही.

"...डेपो."

टिक.

"शेवटपर्यंत म्हणजे. बस. बरोबरच उतरू."

टण टण. भिंतीवरची घंटा. दोन टोले म्हणजे निघा.

पायाखालची फरशी थरथरत होती, असं सांगतो तो. आणि तेव्हा त्याच्या डोक्यात आलं. बरोबर उतरू... कुठं?

टण.

एक टोला. थांबा.

मागच्या खुर्च्या सरकल्या. एक... मग दुसरी... पावलं वाटेतून पुढं आली. ह्याच्या शेजारून गेली. दिसलं कुणी नाही. हा उठायला लागला. उठायचं नव्हतं त्याला. पण अंग आपोआप उठत होतं. डेपो म्हणाला होता ना.

तेवढ्यात डोक्यावर तळवा आला. त्यानं ह्याला परत खाली बसवलं. जोरात नाही. लहान पोराला बसवतात तसं.

मग काही नाही...

दिवा लागला. सिस्टर जिन्यावरून कावलेली खाली येत होती. "अहो, सगळे झोपलेत आणि घंटा काय वाजवताय?" मग तिला ह्याचा चेहरा दिसला. आवाजच बदलला तिचा. "दादा, तुम्ही आहात होय... मी मघापासून तुम्हाला फोन लावतेय. तात्या गेले. अर्धा तास झाला असेल. झोपेतच गेले."

तिनं पाणी आणून दिलं, जवळ आली, थांबली. म्हणाली, "आणि ही टोपी कशाला घातलीय?"

ह्यानं हात वर नेला. डोक्यावर कंडक्टरची टोपी. मांडीवर पिशवी, तिची गाठ जशीच्या तशी. इतकी घट्ट की सिस्टरनं कात्रीनं कापली. आत चिमटा तेवढा होता.

मी नंतर भेटायला गेलो, तेव्हा मला वाटलं हा भुताचं सांगेल, घाबरलो म्हणेल. छे. हा आपला स्वतःवरच चिडलेला. "दर रविवारी विचारत होते रे," म्हणाला. "वर्षभर विचारत होते. एका रविवारी म्हणालो असतो, तर घरी तरी आलो असतो दोघं." मला त्याचा इतका राग आला होता, तरी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

मग त्यानं टोपी आणून दाखवली. आत कपाळाला लागते ना, ती चामड्याची पट्टी. वीस वर्षं माळ्यावर कोरडी ठणठणीत पडलेली. ती घामानं ओली होती. कुणीतरी दिवसभर ड्युटी करून आत्ताच काढून ठेवावी, तशी.

तेव्हापासून तो ती दुकानाच्या खिडकीत, उन्हात ठेवतो. डिसेंबर गेला, आता मे आलाय. एवढं ऊन आहे की गिऱ्हाईक दुपारी पाय ठेवत नाही. गेल्या रविवारी मी गेलो होतो. मुद्दाम आत बोट घालून पाहिलं.

अजून वाळलेली नाही.