आठ कवळ्या आणि एक फट

मारितने आठ म्हाताऱ्यांच्या कवळ्या एकाच टबात धुतल्या, आणि शेवटची घासून लख्ख झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता कुठली कोणाची हे देवालाही सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ या सरोवराकाठच्या बंदरगावी, त्या शुश्रूषागृहात मदतनीस म्हणून तिचा चौथाच दिवस होता. मागल्या वर्षी मेडिकल कॉलेजांनी तिला एकजात नकार कळवला होता. मार्क उत्तम, पण आजारी माणसाला कधी हात लावलाय का? म्हणून ही नोकरी. हजार तास माणसं धुवायची, भरवायची, कुशीवर वळवायची आणि पुन्हा अर्ज करायचा. यंदाही नाही जमलं, तर पुढच्या वर्षी अर्ज करण्याइतकं बळ तिच्यात उरणार नव्हतं. बेसिनवर वाकून ती मुकाट्याने रडत होती.

"यातली एक माझ्या आजीची असणार," मागून कोणीतरी म्हणालं.

दारात एक उंच तरुण उभा होता – खांद्यावर बर्फ, हातात सुपाचा डबा. हा वेस्ली नीमी. हिवाळ्यात सरोवर गोठलं की मालवाहू जहाजं बंदरात बसून राहतात आणि वेस्लीसारखे खलाशीही. तेव्हा तो रोज दुपारी आपल्या आजीला, आयलीला, भरवायला यायचा. मारितने घाईघाईने डोळे पुसले, हातमोज्यांना साबण आहे हे विसरून.

"तक्रार करायची तर डोलोरेस नर्सकडे करा," डोळे चोळत ती म्हणाली. "पलीकडेच बसतात."

"आधी दात तर शोधू." त्याने एकेक कवळी उजेडात धरली आणि चौथीवर थांबला. वरच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट होती. "ही तिने मुद्दाम करून घेतली. दंतवैद्य म्हणाला, आता सरळ करून देतो. ही म्हणाली, ही फट बघून तर नवरा माझ्या मागे लागला... बुजवलीस तर वर गेल्यावर तो मला ओळखणार नाही."

मारित हसली. उरलेल्या सात कवळ्यांपायी तिने डोलोरेसची भरपूर बोलणी खाल्ली, पण तेवढ्यावर निभावलं.

मग ते रोजचंच झालं. तो सूप भरवायचा, ती आयलीची मान धरायची. डॉक्टर झालीस की मला ओळख देशील ना, असं तो विचारायचा. आधी तोंड उघडून दात दाखव, मग बघू, असं ती म्हणायची. आयली डोळे मिटूनच हसायची. तिला कुशीवर वळवताना दोघांचे हात तिच्या पाठीखाली एकमेकांना लागायचे... आणि कोणीच घाईने काढून घ्यायचं नाही.

पण आयली दर आठवड्याला उतरत चालली होती. मार्चमध्ये ती सूप गालातच धरून ठेवू लागली. गिळणं थांबत आलं की फार दिवस उरत नाहीत, हे मारितला आता कळत होतं.

अर्जासोबत एक निबंध लागतो. एका रुग्णाची गोष्ट लिही, ती मनाला भिडली पाहिजे, असं कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. एका रविवारी बसून मारितने ती लिहून टाकली. छान उतरली. आयलीला वाचून दाखवायच्या पुस्तकात तिने तो कागद खुणेसाठी ठेवला आणि विसरून गेली.

तो मारितच्या समोरच वेस्लीला सापडला. आजी जागी होऊ नये म्हणून त्याने हळूच वाचलं, "माझा हात धरून आयलीने शेवटचा श्वास घेतला, आणि त्या क्षणी मला कळलं, की मला डॉक्टरच व्हायचंय." पलंगावर आयलीची छाती वरखाली होत होती. "हिला सांगितलंस का, की ती गेली म्हणून?"

"अर्जाची मुदत... मला वाटलं, तोपर्यंत –"

"तोपर्यंत मरेल."

मारितला अगदी तेच वाटलं होतं.

"उद्या माझं जहाज सुटतंय," तो म्हणाला. "हिला तुझ्या भरवशावर सोडून जाणार होतो मी."

बर्फ फुटला, जहाज गेलं. त्याचा फोन आला नाही. आपलं त्याच्यावर प्रेम आहे हे मारितला त्याच आठवड्यात उमगलं. वेळ साधणं तिला कधी जमलंच नव्हतं. निबंध मात्र तिने फाडला नाही. खोटं कशाला बोला, तो चांगला होता. निदान त्यातलं ते एक वाक्य तरी खरं करायचं, असं तिने ठरवलं. काम संपलं की ती रोज आयलीचा हात धरून तासभर बसू लागली.

एप्रिलअखेरच्या एका मंगळवारी, सकाळी दहाला, शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी अंथरूण घाण केलं. त्यांना तसंच टाकून येणं शक्य नव्हतं. त्यांना धुऊन-पुसून ती परत आली, तेव्हा आयली गेली होती. हात अजून कोमट होता.

"दात आत्ताच बसव," डोलोरेस म्हणाली. "थोड्या वेळाने जबडा आवळेल."

मारितने कवळी धुतली आणि बोटांनी जपून बसवली. मग वेस्लीला फोन केला. त्याचं जहाज जवळच्याच टू हार्बर्स बंदरात खनिज भरत होतं. दीड वाजता तो पोचला. आजीच्या पलंगाशी बसला.

"मारित," तो म्हणाला, "हात धरला होतास ना?"

त्याला 'हो'च ऐकायचं होतं. एका 'हो'त तो परत मिळाला असता, आणि निबंधही खरा ठरला असता.

"नाही," ती म्हणाली. "मी शेजारी अंथरूण बदलत होते. मी आले तेव्हा... ती एकटीच होती, वेस्ली."

तो रडला. आवाज न करता, बराच वेळ. मग त्याने आजीकडे नीट पाहिलं. ओठ किंचित उघडे होते, आणि आत दातांमधली ती फट दिसत होती.

"तिचेच आहेत."

"हो. आता मी चुकत नाही."

"निबंधाचं काय?"

"पुन्हा लिहीन. कवळ्यांपासून. आणि संपवीन शेजारच्या खोलीत."

"कॉलेजवाल्यांना नाही आवडायचं."

"नाही आवडायचं." तिने आयलीची गोधडी सारखी केली. "मला तू आवडतोस. हे आज सांगायला नको होतं..."

"सहाला जहाज सुटतं," तो म्हणाला, आणि आजीच्या गोधडीवर त्याने आपला हात उताणा ठेवला. "तोवर बस इथे."

मारितने हातमोजा काढला आणि ती बसली.