परत आलेला प्रोग्रॅम

"चोरी झाली आणि काहीच गेलं नाही, असं सांगितलं तर तुम्ही मला वेडीच म्हणाल," हमीदा तांबोळी खुर्चीत न बसताच म्हणाली.

ज्ञानदेव साळवे यांनी पंखा तिच्याकडे वळवला. दौंडच्या रेल्वेत हरवलेल्या पार्सलांचा माग काढण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. आता शिरूरच्या पेठेत ते खाजगी तपासाची कामं घेत.

"बसा ताई. पोपटराव, पाणी द्या."

पोपटराव म्हणजे त्यांचे मित्र, मदतनीस आणि राजदूत मोटारसायकलचे मालक.

हमीदा केडगावच्या ऊस पुरवठा संघात नोकरीला होती. सभासदांपैकी कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे ठरवणारा काँप्युटर प्रोग्रॅम तिनं घरी बसून, स्वतःच्या वेळात लिहिला होता. त्याची एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उतरवलेली. गेल्या हंगामात कार्डांचा तो खोका दर आठवड्याला पुण्याच्या काँप्युटर केंद्रात जाई. तिथल्या यंत्रातून सगळी कार्डं सरकली, की तोडीचा क्रम छापून येई.

"आता मला त्याचा कॉपीराइट नोंदवायचाय. कायद्यात काँप्युटरचं नावही नाही. पण वकील म्हणतात, लिहिलेलं आहे ना, मग साहित्य म्हणून दिल्लीला अर्ज करून बघू. छापील प्रती जोडायच्या, आणि ही रचना माझी आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं."

"एवढी धडपड कशाला?" पोपटरावांनी विचारलं.

"आधीच्या नोकरीत माझं काम साहेबांच्या नावावर गेलं. या वेळी त्यावर माझंच नाव पाहिजे."

सोमवारी दुपारी छापील प्रती काढायला खोका पुण्याला न्यायचा म्हणून तिनं ऑफिसातलं कपाट उघडलं, तर तो गायब. मंगळवारी सकाळी पाहते तो जागच्या जागी! क्रमांक तपासले. एकही कार्ड कमी नाही, जास्तही नाही. ऑफिसातले म्हणाले, तुम्हाला भास झाला.

"तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कुणी काय केलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

खोका तिनं सोबत आणला होता. कार्डांच्या वरच्या कडांवरून एक तिरपी लाल रेघ गेली होती.

"कार्डं सांडली तर क्रम लावता यावा म्हणून. खोका पहिल्यांदा पुण्याला गेला, त्याआधी मीच ओढली."

ज्ञानदेवांनी कडांवरून अंगठा फिरवला. वापरून मळलेल्या, मऊ पडलेल्या कडा. एका जागी अंगठा थबकला.

"हे कार्ड नंतर बदललंत?"

"नाही. रेघ बघा ना, माझीच आहे."

रेघ खरंच अखंड होती.

"हंगाम कसा गेला?"

"पहिल्या आठवड्यात बोंब झाली. राहू गावचा आडसाली ऊस, दीड वर्षाचा, तयार असून मागं राहिला, आणि कोवळ्याला तोड मिळाली. पुढं सगळं सुरळीत. आकडे भरताना कुणीतरी चुकलं असणार."

नोंदणीची गोष्ट तिघांना ठाऊक होती. संघाचे चेअरमन हौसराव. लागणीचे आकडे भरणारा कारकून जयसिंग. आणि सिद्दीक, पुण्याच्या केंद्रात काम करणारा. तो दौंडहून रोज जाऊन येऊन करी; हंगामभर हमीदाची कार्डं यंत्रात त्यानंच चालवली होती.

हौसराव केडगावात ऑफिसातच सापडले. "पगार संघाचा, तवा प्रोग्रॅमबी संघाचा! करू द्या तिला नोंदणी, मी हरकत घेतो का न्हाई बघा."

"खोका तुम्ही नेला होता, आप्पा?"

"नेला असता तर परत ठिवला असता व्हय?"

जयसिंग चिडूनच बोलला. "पूर्वी लोक मला इचारायचे, आमची पाळी कवा? आता त्या भोकांना इचारत्यात."

"कपाटाची चावी?"

"टेबलावरच असती."

"सोमवारी कोण कोण आलं होतं?"

"आप्पा दिवसभर हितंच व्हते. सिद्दीकभाई आले, कसलेसे छापील कागद द्यायला. मंगळवारी सकाळीबी येऊन गेले. बाकी न्हाई कुणी."

सिद्दीक संध्याकाळी दौंडला घरीच भेटला. त्यानं चहा पुढं ठेवला. "कार्डं शाबूत आहेत ना? मग झालं की."

निरोप घेताना तो दारापर्यंत आला. "तिनं सही केली का?"

"अजून नाही."

"करू दे लवकर," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर पोपटराव ठासून म्हणाले, "जयसिंगच! हातची सत्ता गेली त्याच्या."

"मग त्यानं खोका परत का ठेवला?"

पोपटरावांनी राजदूतचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी संघाच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं होतं. हमीदा खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये येरझारा घालत होती.

"हौसरावआप्पांना ताईंच्या नावानं नोंदणी नको होती," ज्ञानदेवांनी सुरुवात केली. "जयसिंगरावांना तर प्रोग्रॅमच नको होता. या दोघांपैकी कुणी खोका नेला असता, तर तो पुन्हा दिसला नसता. नेणाऱ्यानं मात्र तो जपून परत ठेवला. म्हणजे नोंदणी व्हावी, अशीच त्याची इच्छा होती."

त्यांनी खोक्यातून एक कार्ड वर काढलं.

"यावर रेघ ताईंची आहे, म्हणजे कार्ड अस्सल. पण बाकी कार्डांच्या कडा यंत्रातून जाऊन जाऊन झिजल्यात. ही एकच करकरीत. म्हणजे हे कार्ड जवळजवळ सगळा हंगाम खोक्यात नव्हतंच. याच्या जागी दुसरंच कार्ड काम करत होतं. ताई, काय आहे यावर?"

हमीदानं कार्ड उजेडात धरलं. "उसाचं वय काढायची ओळ. लागणीची तारीख घ्यायची..." ती थांबली. "लागणीला वर्ष उलटून गेलं असेल तर वय चुकतंय. आडसाली ऊस कोवळा ठरतोय."

"पहिल्या आठवड्यात राहूला तेच झालं. मग कुणीतरी दुरुस्त कार्ड घातलं आणि सगळं सुरळीत झालं. ही चूक ओळखणारा, दुसरं कार्ड तयार करू शकणारा, आणि तुमचं कार्ड फेकून न देता सांभाळणारा माणूस यांच्यात एकच आहे. हंगाम सरल्यावर छापील कागद देण्याचं निमित्त काढून तो दोनदा इथं आला. खोका कुणी नेला हे त्यानं मला विचारलंच नाही. सही झाली का, एवढंच विचारलं."

सगळ्यांच्या नजरा सिद्दीककडे वळल्या.

"सगळी रचना माझी, असं तू लिहून देणार होतीस," तो हमीदाला म्हणाला. "ते खोटं ठरू नये म्हणून तुझं कार्ड परत ठेवलं. बाकी कुठं माझा हात लागलाय का, ते शांतपणे बघायला खोका घरी नेला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर पुन्हा तुझ्या कामात दुसऱ्या कुणाचं नाव आलं असतं. नोंदणी झाल्यावर सांगणार होतो."

"म्हणजे माझी चूक दिल्लीला जाऊन बसली असती!" हमीदाचा आवाज चढला. "आणि मी सगळीकडे सांगत फिरले, की आकडे भरणारा चुकला. लोक जयसिंगरावांना बोलले."

"बोलले? आयमाय काढली की," जयसिंग म्हणाला. "ऊस वाळला व्हता त्यांचा."

हमीदा खाली बसली. जयसिंगकडे बघून तिनं हात जोडले. तो गडबडून कपाटाची चावी चाचपू लागला.

"तुझं कार्ड कुठंय?" तिनं सिद्दीकला विचारलं.

त्यानं ते खिशातून काढून दिलं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग खोक्यात जागच्या जागी सरकवलं आणि अर्जावर आपल्या नावाखाली दुसरं नाव लिहिलं.

"एका ओळीसाठी?" सिद्दीक म्हणाला.

"ती ओळ माझी नाही."

"मग मी दोघांवरबी हरकत घेतो," हौसराव म्हणाले, पण कुणी लक्ष दिलं नाही.

"बस इथं," हमीदानं खुर्ची ओढली. "अजून कुठं काय चुकलंय ते दाखव. तोंडावर सांग."

"माझी गाडी यायची वेळ झाली."

"जाऊ दे गाडी."

सिद्दीक बसला. बाहेर पोपटरावांनी राजदूतला किक मारली, तरी खिडकीतून दोघांचा कडाक्याचा वाद ऐकू येत होता.

"भांडतायत की हो!" पोपटराव काळजीनं म्हणाले.

"काम करतायत," ज्ञानदेव म्हणाले आणि मागं बसले.