कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या चपला

ही गोष्ट खरी आहे. पुरावा माझ्या मामाच्या पिशवीत असतो. तो काय आहे, ते शेवटी सांगतो.

साल १९८८. दिवाळी झाली होती आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या. जागा म्हणजे वरठी आणि भंडाऱ्याच्या मधली एक राइस मिल. मिलचं नाव सांगत नाही. मिल बंद पडली, पण मालकाचे नातू वकील आहेत.

एक आधीच सांगून ठेवतो. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, कामाच्या वेळेत झालं. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हमाल पाहिलेले नाहीत.

हमाल पाळीनं येतो.

माझा मामा हिरालाल, आसगावचा. आयुष्यभर धानाच्या चिखलात उभं राहायचं नाही म्हणून नागपूरला जाऊन आधी रेडिओ, मग टीव्ही आणि मग कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. तेव्हा जिल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे फार नव्हते. बिघडायला कॉम्प्युटरही फार नव्हते.

मिलमध्ये एक होता. तो बिघडला.

मॅनेजर केशवरावांनी त्याच्यासाठी जुन्या कोठीची खोली करून घेतली होती. जाड भिंती, एकच दार. आत एसी. कोंडा शिरू नये म्हणून दाराच्या कडांना रबर आणि आतून जाड गादी. आतून ओरडलं तरी बाहेर ऐकू जायचं नाही. मिलमधली माणसं घामानं भिजायची आणि मशीन गारव्यात बसायचं. त्याला रोज हळदकुंकू लागायचं. चपला-बूट दाराबाहेर. स्वतः केशवरावसुद्धा काळे बूट बाहेर काढून आत जायचे.

"पडद्यावर दाणे पडतात," केशवराव म्हणाले.

"कायचे दाणे, साहेब?"

"तूच पाहा."

मामा बसला. काळा पडदा, त्यावर पिवळे आकडे. सगळं ठीक. केशवराव खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

आणि मग वरून एक पिवळा ठिपका निसटला... हळूच खाली आला... आणि तळाशी जाऊन बसला.

मग दुसरा.

मग ओंजळभर.

आकडे बुडाले. ढीग चढत गेला. आणि कुठून तरी बारीक आवाज आला... सर्रर्र...

'एसी असेल,' मामाला वाटलं.

"ग्राफिक्स कार्ड सैल झालं असेल," तो म्हणाला. "पडद्यावर चित्र तेच पाठवते."

"कार्ड नाही. ती झाडूवाली गिरजा. ओल्या फडक्यानं पुसते, पाणी गेलं आत. तू तेवढं लिहून दे. तिला कामावरून काढतो आणि मिलची खोलीही खाली करून घेतो."

म्हणजे दोष मशीनचा होता, पण घर जाणार होतं बाईचं.

"आधी उघडून पाहतो, साहेब," मामा म्हणाला.

त्यानं कार्ड काढलं, त्याचे पितळी दात खोडरबरानं घासले, फुंकर मारली. कार्ड जिथे बसतं त्या खाचेत एक दाणा अडकला होता. धानाचा, सालासकट. राइस मिलमध्ये धानाचा दाणा सापडणं म्हणजे तळ्यात पाणी सापडणं. मामानं तो काढून टाकला. मशीन सुरळीत चालू लागलं.

पाणी आत गेल्याची खूण कुठेच नव्हती. ओलही नव्हती.

मधे बाहेर गेलेले केशवराव पुन्हा आत आले. दाणे पुन्हा पडू लागले.

मामा वैतागून बाहेर आला, आणि दारातच थांबला.

त्याच्या स्वतःच्या चपला होत्या. केशवरावांचे काळे बूट होते. आणि शेजारी तिसरा जोड... टायरच्या तळव्यांचा, अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला.

आत दोघंच होते.

चौकीदार केवळराम स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

"कोनाच्या आहेत ह्या?"

"मी सकाळीच फेकल्या होत्या, भाऊ. साहेब सांगते, मी फेकतो. रोज फेकतो."

"मंग इथं कशा?"

"आता ड्यूटीवर येते मानूस, तर मी काय करू?"

दुपारी जेवणाचा भोंगा वाजला. पडद्यावरचे दाणे पडता पडता थांबले. थांबले म्हणजे तिथेच, अधांतरी. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला... सर्रर्र...

जेवणाची सुट्टी घेणारं कार्ड मामानं तोवर पाहिलं नव्हतं.

मामाच्या नागपूरच्या उस्तादाचा एक नियम होता. खराबी सापडत नसेल तर एकेक भाग बदलत जा. सगळं बदलल्यावर जे उरेल, दोष त्यातच. मामानं नागपुरातून एसटीनं मांडीवर ठेवून नवं कार्ड आणलं. मग केबल बदलली. मग अख्खा पडदा.

दाणे पडतच होते. पण मामा एकटा बसला की पडत नव्हते. गिरजाबाई फरशी पुसत असली तरी पडत नव्हते.

बदलायचा राहिलेला भाग एकच होता. तो खुर्चीमागे उभा राहून चहा पीत होता.

त्या दिवशी गिरजाबाई उंबरठा पुसत असताना मामानं विचारलं, "बाई, पहिले काय होतं इथं?"

तिनं फडकं पिळलं.

"धानाची कोठी होती, भाऊ. माहा मालक धनीराम हमाल होता. ढिगावर चढाचं तर चपला बाहेर. धान म्हनजे लक्ष्मी, तिच्यावर चपला घालून कोन चढते? वरच्या भोकातून धान सोडाच्या पहिले दारात पाहाचं. चपला दिसल्या म्हनजे मानूस आत आहे. मिलचा कायदाच होता तो."

"मंग?"

"त्या दिवशी मी डबा घेऊन आली. चपला दारात होत्या. म्या डबा बाजूले ठेवला अन् गेली. केशवरावनं घाईघाईत धान सोडाले लावलं." तिनं फडकं बादलीवर टाकलं. "कोठी उपसली तवा तो धानाखाली सापडला. दारात डबा होता. चपला नव्हत्या. साहेब म्हने, चपला नाही तर आमाले कसं समजन? पिऊन घुसला असन."

"पोलिसाले नाही सांगतलं?"

"सांगतलं ना. ते म्हने, चपला आन."

मामानं चपलांकडे पाहिलं.

"माह्याच हातानं बांधल्या होत्या," ती म्हणाली. "सुतळीनं."

तिनं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं आणि पुसायला लागली. टायरच्या चपला शेजारीच होत्या. तिनं त्यांच्या भोवतीनं पुसलं. जपून.

मंडईचा दिवस उजाडला. मिल दुपारनंतर बंद राहणार होती.

"आज लिहून दे," केशवराव म्हणाले. "पाणी गेलं म्हणून. नाहीतर दुसरा लिहील."

मामानं लिहून दिलं. कार्ड ठीक. केबल ठीक. पडदा ठीक. पाणी कुठेही गेलेलं नाही. केशवराव खोलीत नसताना मशीन उत्तम चालते.

केशवरावांनी ते दोनदा वाचलं. फाडलं.

"मला शिकवतो? मीच बसून पाहतो. कोण काय पाडते ते."

त्यांनी बूट काढले, दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि आत गेले. दार लागलं.

मामा चहाला गेला. परत आला तोवर भोंगा होऊन मिल रिकामी झाली होती. दूर कुठे तरी मंडईतल्या दंडारीच्या नाचाची ढोलकी वाजत होती. केवळराम कुलूप घेऊन दारात उभा होता.

उंबरठा नुकताच पुसलेला. ओला. आणि त्यावर...

काहीच नव्हतं.

काळे बूट नव्हते. टायरच्या चपलाही नव्हत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"साहेब गेले वाटते," मामा म्हणाला.

"गेलेच असन. चपला नाही तर मानूस नाही." केवळरामनं कुलूप लावलं.

केशवराव मिलमागच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे. घरचे नागपूरला. क्वार्टरला कुलूप दिसलं, तेव्हा सुट्टीला नागपूरला गेले असं सगळ्यांनी धरलं. मामा सायकलवर बसला. फाटकाबाहेर पडताना मागे आवाज आला... सर्रर्र...

सायकलची चेन असेल, असं त्याला वाटलं. चेनला तेल मात्र त्यानं सकाळीच घातलं होतं.

सुट्टी संपल्यावर खोली उघडली.

केशवराव खुर्चीत होते. तोंड पडद्याकडे. दाराचं रबर आतून ओरबाडून काढलेलं. पडदा काठोकाठ पिवळा, एक काळा ठिपका शिल्लक नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. केवळरामनं त्यांना हळूच दाखवलं, नाकात, कानात, घशात कोंडा आहे. डॉक्टर म्हणाले, राइस मिलच्या माणसाच्या नाकात कोंडा नसेल तर काय अत्तर असेल?

पोलिसांनी केवळरामला विचारलं, आत माणूस असताना कुलूप काहून लावलं.

"दारात बूट नव्हते, साहेब."

"मग गेले कुठे बूट?"

कोणाला ठाऊक नव्हतं. सगळी मिल शोधली. गिरजाबाई कोपऱ्यात झाडूवर हात ठेवून उभी होती. ती कोणाकडेच न पाहता म्हणाली,

"आना म्हना आता बूट."

बूट पुढच्या वर्षी सापडले. नवी कोठी रिकामी केली तेव्हा, तळाशी, सगळ्या धानाखाली. दोन्ही एकमेकांना बांधलेले.

सुतळीनं.

मशीन त्यानंतर कधी बिघडलं नाही. तेच पहिलं कार्ड मामानं परत बसवलं होतं. गिरजाबाईची खोलीही गेली नाही. नवा मॅनेजर आला, त्यानं चप्पल बाहेर काढायचा नियम बंद केला.

आता पुरावा. माझा मामा आजही कुठल्याच दारात चपला काढून ठेवत नाही. काढतो, पिशवीत घालतो आणि पिशवी आत नेतो. देवळात, लग्नात, दवाखान्यात. माझ्या साखरपुड्यात पिशवी मांडीवर घेऊन जेवला. होणाऱ्या सासऱ्यांना वाटलं आहेर आणलाय.

मी म्हटलं, "मामा, आता कायले भेतो? धनीरामचं काम तर झालं ना."

मामानं पिशवी जवळ ओढली.

"धनीरामले नाही भेत मी. बूट त्यानं उचलले का तिनं, हे मले आजही समजलं नाही."

मग त्यानं दाराकडे पाहिलं.

"उंबरठा ओला होता रे."